फाईल कुणाची, इतिहास कुणाचा? कळमनुरी परिसरात आलेली जुनी वर्तमानपत्रे आणि आपण

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. तहसीलवर ध्वजवंदन होते, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात, स्मरणिका छापल्या जातात. या सगळ्याचा आधार बहुतेक एकच असतो, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आणि त्या फायलींवरून लिहिलेली पुस्तके. त्यांत वसमत येते, हिंगोली येते, उमरखेड येते, कळमनुरीही येते. पण या गावांतला महारवाडा, मांगवाडा, आंध आदिवासींची वस्ती, बंजारा तांडा शोधायला गेलो तर पाने उलटून बोटे काळी होतात आणि हाती फारसे काही लागत नाही.

मग आपलाच एखादा पदवीधर तरुण विचारतो, "तेव्हा आपली माणसं काय करत होती?" त्याला विद्यापीठातून उत्तर मिळते, "तशी नोंद नाही." बिचारा तिथेच थांबतो.

आमचे म्हणणे असे की त्याने तिथे थांबू नये. नोंद नाही, एवढ्यावरून इतिहास नाही असे ठरत नाही. नोंद कुणी ठेवली, कोणत्या भाषेत ठेवली, कुणाच्या पैशाने छापली आणि कुणासाठी छापली, हे आधी विचारले पाहिजे. समाजशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला ज्ञानाची सत्ता म्हणतात ती दिल्ली-मुंबईतच असते असे नाही. ती तालुक्याच्या गावी येणाऱ्या चार पानांच्या वर्तमानपत्रातही असते.

नदीअलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज

कळमनुरी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी कळमनुरी परभणी जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे पुसद आणि उमरखेड, म्हणजे वऱ्हाड.

ही नदी साधी जिल्ह्याची हद्द नव्हती, दोन राजवटींची हद्द होती. त्यामागची कहाणी आपल्या हिंगोलीशी जोडलेली आहे. हिंगोलीला इंग्रजांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता, तो थकत गेला, आणि त्या देण्यापोटी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. तेव्हापासून पैनगंगेच्या एका काठावर इंग्रजांचा कायदा आणि दुसऱ्या काठावर निजामाचे फर्मान.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. वऱ्हाडात १८६७ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन देऊन पत्र काढता येत असे. पुढे जामीनकी, खटले, जप्ती हे सगळे होते, पण पत्र निघत तरी होते. निजामाच्या राज्यात पत्र काढायला सरकारची परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. गश्ती निशाण ५३ ने तर परवानगीवाचून जाहीर सभा घेणेही बंद केले. सरकारी भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषा उर्दू. कळमनुरीच्या कचेरीतला कागद उर्दूत, घरातली बोली मराठी, आणि शाळा आपल्या वस्तीपासून दूर. १९५१ च्या जनगणनेतसुद्धा हैदराबाद राज्यात शंभरातले दहा लोकही साक्षर नव्हते. त्या नऊ-दहांत आपले किती असतील, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

दोन वर्षांत तीन पत्रे

आता कळमनुरीला मध्यभागी ठेवा आणि १९१८ ते १९२० ही दोन-अडीच वर्षे पाहा.

१९१८ मध्ये पैनगंगेपलीकडे यवतमाळला लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक सुरू केले. ते टिळकांच्या राजकारणाचे पत्र होते. आज जो 'लोकमत' आपल्या दारात पडतो त्याचे नाव तिथून आले. १९२० मध्ये हैदराबादहून लक्ष्मणराव फाटक यांचे 'निजाम विजय' निघाले. संस्थानातल्या मराठी वाचकाला मराठीत बातमी देणारे हे महत्त्वाचे साप्ताहिक. नावातच निजामाचा विजय आहे, म्हणजे कोणत्या चौकटीत राहून ते चालवावे लागले असेल हे ओळखता येते. आणि त्याच १९२० च्या ३१ जानेवारीला मुंबईहून 'मूकनायक' निघाला.

तीन पत्रे, तीन मालक, तीन वाचकवर्ग. एकाला स्वराज्य हवे होते, दुसऱ्याला संस्थानी मराठी माणसाचे गाऱ्हाणे मांडायचे होते. कळमनुरीच्या महारवाड्यातल्या माणसाला पाणवठ्यावर पाणी का मिळत नाही, हा प्रश्न पहिल्या पानावर घेणारे तिसरे एकच होते. आणि हे तिसरे पत्र छापले जात होते सगळ्यांत दूर.

'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याचा अर्थ नीट लावत नाही. वर्तमानपत्राचे पान हे विकत मिळणारी जागा आहे असे आपण समजतो. 'केसरी'ने दाखवून दिले की पैसे मोजूनही ती जागा आपल्याला मिळत नाही. मग बातमीच्या रूपात ती फुकट मिळेल ही आशा कशाला धरायची? शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून 'मूकनायक' उभा राहिला. त्याच्याही आधी १९०८ मध्ये पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला होता, नागपुरात किसन फागुजी बनसोडे एकामागून एक पत्रे काढत होते. म्हणजे आपल्या लोकांना लिहिता येत नव्हते म्हणून ते छापले गेले नाहीत, हा समज खोटा आहे. छापखाना परका होता, एवढीच अडचण होती.

१९२७ च्या ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला, १९२८ मध्ये 'समता', १९३० च्या नोव्हेंबरात 'जनता', आणि १९५६ च्या ४ फेब्रुवारीला 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत. पैसा नाही, मदतनीस नाही. बॅरिस्टर असलेला माणूस रात्र रात्र जागून पत्र काढत होता, कारण ते काम दुसरे कोणी करणार नव्हते.

पत्र गावात येई कसे?

मुंबईत छापलेले पत्र कळमनुरीसारख्या गावी पोहोचणे किती अवघड होते, याचा विचार आजच्या मोबाईलवाल्या पिढीने जरूर करावा. निजामाचे स्वतःचे टपालखाते होते, स्वतःची तिकिटे होती. ते १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले. निजामाचे नाणे वेगळे, त्याला हाली सिक्का म्हणत, आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये पडत. म्हणजे मुंबईच्या पत्राची वर्गणी भरायची तर कलदारात, संस्थानातल्या मजुराची कमाई हालीत, आणि मधला बट्टा त्याच्याच खिशातून. पूर्णा-हिंगोली लोहमार्ग १९१२ मध्ये आला, पण कळमनुरी गाव त्या मार्गाला लागून नाही. पुढची वाट बैलगाडीची किंवा पायी.

म्हणून त्या काळात एक अंक म्हणजे एक वाचक हा हिशेब लागू पडत नाही. एकजण वाचायचा आणि दहाजण ऐकायचे. वाचून झालेला अंक हातोहात पुढच्या गावाला जायचा आणि शेवटी फाटून जायचा. वाड्यातल्या अंकाची फाईल बांधली गेली, कारण वाड्यात कपाट होते. आपला अंक जास्त हातांतून फिरला, म्हणूनच तो लवकर संपला. आज संशोधकाला वाड्यातली फाईल मिळते आणि तो तिलाच "तत्कालीन समाजमन" म्हणतो!

मुक्तिसंग्रामाची पत्रे आणि आपली परिषद

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे, त्या नावावर बंदी आली की तिसऱ्या. ही हिंमत होती आणि तिला हिंमतच म्हटले पाहिजे. हैदराबादेत १९४८ च्या ऑगस्टमध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. रझाकारांविरुद्ध लिहिणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. हे नाकारण्याचे आपल्याला काही कारण नाही.

पण त्याच काळात आपणही स्वस्थ बसलेलो नव्हतो. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. भाऊसाहेब मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवून आणली. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. हजारो अस्पृश्य एकत्र येतात, यापेक्षा मोठी बातमी कोणती? तरीही मुक्तिसंग्रामाच्या पुरवण्यांत मक्रणपूर शोधून पाहा.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. हैदराबादच्या दलित नेत्यांपैकी बी. एस. व्यंकटराव हे निजामाच्या लायक अली मंत्रिमंडळात मंत्री झाले. या एका नावावरून सगळ्या दलित समाजावर "निजामाचे लोक" असा शिक्का मारणे सोपे जाते आणि गावगाड्यात तो आजही मारला जातो. तसे म्हणणाऱ्याला एकच विचारावे, २७ नोव्हेंबर १९४७ चे बाबासाहेबांचे पत्रक वाचले आहे का? हैदराबादमधील अनुसूचित जातींनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये, भारताच्या शत्रूला साथ देऊन समाजाला काळिमा लावू नये, असे त्यात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते. हे पत्रक पोलीस ॲक्शनच्या दहा महिने आधीचे आहे.

आणि पोलीस ॲक्शननंतर काय झाले? सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारचे नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वाधिक अत्याचार झाल्याचे नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. ज्या फायलीत आपण नाही, त्याच फायलीत शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्याचे दुःखही नाही. फाईल एकट्या आपल्यालाच वगळत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

बंदी सोसलेल्या पत्राने पुढे काय केले?

'मराठवाडा' पुढे औरंगाबादला आले, अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली ते दैनिक झाले आणि या प्रदेशाचे सर्वांत वजनदार पत्र ठरले. प्रदेशाचा अनुशेष, रेल्वे, पाणी या प्रश्नांवर त्याने लढे दिले.

मग २७ जुलै १९७८ आला. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत तर गावोगाव. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये मारण्यात आले. आणि निजामाची बंदी सोसलेले हे पत्र कोणत्या बाजूला उभे राहिले? नामांतराच्या विरोधात. 'मराठवाडा' हे नाव प्रदेशाची अस्मिता आहे, ते जाता कामा नये, अशी त्याची भूमिका होती.

आम्ही येथे कुणा व्यक्तीला शिव्या देत नाही. आम्हाला त्यातून एक गोष्ट शिकायची आहे. राजाविरुद्ध स्वातंत्र्य मागणारा माणूस गावातल्या उतरंडीविरुद्धही उभा राहील, असे गृहीत धरता येत नाही. "प्रदेशाची अस्मिता" असे म्हणताना प्रदेश कुणाचा धरला होता? त्या अस्मितेत टेंभुर्णीचा पोचिराम होता की नव्हता? अग्रलेखाची भाषा सभ्य असते. गावातल्या झुंडीला सभ्य भाषा लागत नाही, तिला आपण एकटे नाही एवढा दिलासा पुरतो. तो दिलासा त्या काळात छापील अक्षरांनी दिला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अत्याचारविरोधी समितीने गावोगाव फिरून केलेला अहवाल १९७९ मध्ये इंग्रजी साप्ताहिकात छापून आला. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' त्याआधी दहा वर्षे औरंगाबादहून निघत होते. 'अस्मिता' हाच शब्द, पण अर्थ किती वेगळा! त्याच पानतावण्यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर प्रबंध लिहिला, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा विद्यापीठाच्या नावात 'मराठवाडा' शब्द राहिलाच. मग सोळा वर्षांचा जाळपोळीचा आणि रक्ताचा हिशेब कुणाच्या खात्यावर लिहायचा? त्याच्या दीडच महिना आधी, २५ नोव्हेंबर १९९३ रोजी, नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले होते.

तालुक्यातली बातमी कशी तयार होते

नांदेडची 'प्रजावाणी' आणि 'गोदातीर', परभणी-हिंगोलीची साप्ताहिके, १९८२ पासून औरंगाबाद आवृत्तीचा 'लोकमत'. कळमनुरी, आखाडा बाळापूर, औंढा या गावांच्या बातम्या अशा पत्रांत येत राहिल्या. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा पेपरचा एजंटच असतो. त्याला पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असते. जाहिरात कोण देतो? बाजार समिती, पतसंस्था, साखर कारखाना, वाढदिवस असलेला पुढारी. बातमी कुठून येते? पोलीस ठाण्याच्या प्रेसनोटमधून आणि तहसीलच्या पत्रकातून. छोटे साप्ताहिक सरकारी टेंडर आणि वकिलांच्या जाहीर नोटिसांवर जगते.

ही व्यवस्था समजून घेतली की आपण पानावर कसे दिसतो हे कळते. आपली बातमी गुन्ह्याच्या सदरात येते, तीही "दोन गटांत हाणामारी" या मथळ्याखाली. एका गटाने दुसऱ्या गटाची वस्ती जाळली तरी मथळा "दोन गट" हाच. १४ एप्रिलला मिरवणुकीचा फोटो येतो, आणि त्याच अंकात पुढाऱ्याच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात. मिरवणूक काढणाऱ्या तरुणांनी वर्षभर चालवलेल्या अभ्यासिकेची ओळही नसते. आंध आदिवासी दिसतो तो योजनेचा लाभार्थी म्हणून, बंजारा दिसतो तो ऊसतोडीच्या हंगामात.

यावर काही मित्र म्हणतात, "आता पेपर वाचतो कोण? आपली युट्यूब चॅनेलं आहेत, आपले 'सम्राट', 'महानायक' आहेत." खरे आहे, आणि ज्यांनी ही दैनिके उभी केली त्यांचे ऋण मोठे आहे. पण मोबाईल हरवला की व्हिडिओ जातो, चॅनेल बंद झाले की पाच वर्षांची चळवळ पुसली जाते. वर्षानुवर्षांनी कुणी शोधायला आले तर त्याला पुन्हा बाजार समितीच्या जाहिरातीवर जगणारीच फाईल मिळेल. आणि तो पुन्हा म्हणेल, "तशी नोंद नाही."

मग करायचे काय?

पहिले, जुनी फाईल वाचायची, पण वकिलाने उलटतपासणी घ्यावी तशी. बातमी कुणी दिली, कुणाला विचारले नाही, कोणता शब्द वापरला, त्याच पानावर जाहिरात कुणाची आहे, हे टिपून ठेवायचे. कायद्याने प्रकाशकाला अंक सरकारी ग्रंथालयाकडे पाठवावा लागतो, म्हणून मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयात शोध घेता येतो. निजामकाळासाठी हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जावे लागते. तिथली कागदपत्रे फसली सनात असतात. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. उर्दू वाचणारा मित्र सोबत घ्या. कळमनुरीच्या मोहल्ल्यात तो मिळेल, आणि त्या निमित्ताने दोन वस्त्या एका टेबलावर बसतील.

दुसरे, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ग्रंथरूपाने छापले. ते विहाराच्या कपाटात पूजेसाठी ठेवू नका. अग्रलेख तर वाचाच, पण पत्रव्यवहार, सभावृत्ते, वर्गणीदारांची नावे हेही वाचा. आपल्या भागातले एखादे गाव सापडते का, हे शोधण्याचे काम प्रत्येक अभ्यास मंडळाने वाटून घ्यावे.

तिसरे, आपल्याच घरातला कागद. परिषदेचे पत्रक, नामांतराच्या सत्याग्रहात मिळालेली तुरुंगाची चिठ्ठी, धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाची पावती, ट्रेडल मशीनवर छापलेले भीमजयंतीचे हँडबिल. हा कागद ट्रंकेच्या तळाशी पडून आहे आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो आहे. तो मागून नेऊ नका. त्याचा फोटो काढा, त्यावर गाव, साल आणि ज्याने जपला त्याचे नाव लिहा, मूळ कागद त्याच घरी राहू द्या. सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांकडून १९७८ ची हकीकत ध्वनिमुद्रित करा. बायकांना आधी विचारा. घर जळाले तेव्हा लेकरे घेऊन रानात पळालेली बाई कुठल्याच फाईलमध्ये नाही.

चौथे, वर्षातून एक तरी छापील अंक काढा. सोळा पानांचा असला तरी चालेल. तालुक्यात काय घडले, तारखेसह, नावासह. त्याची एक प्रत विहारात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक मध्यवर्ती ग्रंथालयात. पैशाची अडचण सांगू नका. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हा अंक निघतो.

बाबासाहेबांनी छत्तीस वर्षांत एकामागून एक पत्रे काढली, काही बंद पडली, कर्ज झाले, तरी पुन्हा काढली. दुसऱ्याच्या पानावर जागा मागत बसण्यात त्यांनी आयुष्य घालवले नाही. कळमनुरीचा इतिहास कळमनुरीच्या वस्तीतून लिहिला गेला नाही, तर तो पुढेही वाड्यातल्या कपाटातूनच लिहिला जाईल. येत्या १७ सप्टेंबरला तहसीलवरचे ध्वजवंदन आटोपले की विहारात जमा. प्रत्येकाने घरातला एक जुना कागद घेऊन यावे. सुरुवात तेवढ्याने होते.

जय भीम!